इंदरलालनं वाजवलेलं

दवनीवाड्यात कोणी नवा फावडा खांद्यावर टाकून निघाला, तर समोरचा त्याला किंमत विचारत नाही. "इंदरलालनं वाजवला का?" एवढंच विचारतो. हो म्हटलं तर विषय संपतो. नाही म्हटलं तर समोरचा फावड्याकडे एकदा बघतो आणि पुढे जातो.

वाजवून घेणं हे इतर गावांत नुसतं बोलण्यात असतं. इथे इंदरलाल तुरकर खरोखर वाजवतो. त्याच्या खिशात ट्रकचा एक बोल्ट असतो. तो त्यानं सडक अर्जुनीला, हायवेवरच्या एका गॅरेजातून आणला. मिस्त्री फुकट देत होता, तरी दुसऱ्या बोल्टनं वाजवून पाहिल्यावरच घेतला. फावडा पारखायचा तर त्याच्या भोकातून सुतळी ओवायची, सुतळी बोटात अडकवायची, पातं कानाशी लोंबकळू द्यायचं आणि बोल्टनं एक टोला. मग डोळे मिटून मोजायचं. चांगलं लोखंड बारापर्यंत वाजत राहतं. भेग असेल, भेसळ असेल, नाहीतर भट्टीतून काढल्यावर पाणी नीट पाजलेलं नसेल, तर तीनच्या आत आवाज बसतो. मग इंदरलाल म्हणतो, "मेलं हाय." दुकानदार वाद घालत नाही. वस्तू मागे ठेवतो.

फावडे, कुऱ्हाडी, विळे तर झालेच. छपराचे कवेलू, विटा, माठ, सायकलची रिंग, हेही त्यानं वाजवलं आहे. मुलीला, रिंकीला, बघायला गोंदियाचा मुलगा आला, तेव्हा इंदरलाल बाहेर जाऊन त्याच्या मोटारसायकलचं मडगार्ड वाजवत होता. मुलाचा बाप म्हणाला, "भाऊ, पोरगा घरात हाय. गाडी कायले वाजवून राहिले?"

"गाडी कशी ठेवली त्याच्यावरून समजते," इंदरलाल म्हणाला.

लग्न झालं. जावई चांगला निघाला. गाडीही अजून चालू आहे.

त्याची बायको दुलारी. जनगणनेवाला आला होता तेव्हा इंदरलालनं त्याला सांगितलं होतं, पाच एकर धान, दोन म्हशी, एक बायको, एक मुलगी. दुलारी तेव्हा दारातच उभी होती. तिनं क्रम मनात ठेवला, बोलून दाखवला नाही.

तिचं दुःख वेगळं होतं. ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. तिच्या घरात काही तुटत नव्हतं.

लग्नाच्या वर्षी आणलेला फावडा सव्वीस वर्षं झाली, चालूच. पितळी टॉर्च, चालू. छत्री काळ्याची राखाडी झाली, पण उघडते. आणि कुकर. ॲल्युमिनियमचा, पाच लिटरचा, आत बसणाऱ्या झाकणाचा. तो इंदरलालनं दुकानातले अकरा कुकर वाजवून बाजूला सारल्यावर निवडला होता. बाराव्याच्या वेळी दुकानदार पाणी प्यायला गेला होता. सव्वीस वर्षांत त्याचं रबर कितीदा बदललं, मूठ दोनदा बदलली, भांडं तेच. तळ बाहेरून काळा आणि आतून तवंगाच्या रंगाचा झाला होता. दुलारीच्या बहिणीकडे स्टीलचा कुकर होता, बाहेरून लावायच्या झाकणाचा. तो चकचकीत होता. भाचीच्या बारशाला गेली तेव्हा दुलारीनं तो एकदा स्वतःहून घासून दिला होता.

"घ्या ना आपणबी एक," ती दरवर्षी म्हणायची.

"याले काय झालं?" तो विचारायचा.

याला काही झालेलं नसायचं.

दोनेक वर्षांपासून इंदरलाल एक गोष्ट सारखी म्हणू लागला होता. लोखंड उतरून राहिलं. पूर्वी बारापर्यंत जाणारं आता नऊपर्यंत जाते. मग म्हणाला, सहापर्यंत. लोक मान हलवायचे. दूध उतरलं, बियाणं उतरलं, लोखंड का उतरणार नाही?

यंदा दिवाळीच्या आधी हलका, लवकर येणारा धान पिवळा पडला आणि नंदाबाई आली. नंदाबाई धान कापणाऱ्या बायांची मुखिया. तिच्या हाताखाली तेरा जणी, ती चौदावी. बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, लहान आणि तळाला ओल, त्यामुळे हार्वेस्टर गावाच्या अर्ध्या शिवारात शिरत नाही. तिथे नंदाबाईच. दरवर्षी ती दुधराम लोहाराकडून चौदा विळे करून घेते आणि इंदरलालकडून वाजवून घेते. वाईट विळा दुपारपर्यंत बोथट होतो. मग बाई जोर लावते, आणि जोर लावला की विळा धानावरून घसरून बोटावर येतो. नंदाबाईच्या डाव्या हाताचं करंगळीचं पेर एका न वाजवलेल्या विळ्यानं नेलं होतं. ती त्याची गोष्ट सांगत नाही, नुसता हात दाखवते.

आठवडी बाजारात दुधरामनं पोत्यावर चौदा विळे मांडले. ट्रकच्या कमानपट्ट्याचे, स्वतः भट्टीत तापवून ठोकलेले. इंदरलालनं पहिला सुतळीला अडकवला, टोला दिला आणि डोळे मिटले.

"मेलं हाय."

दुसरा. "मेलं हाय."

चौदाही मेले. मग इंदरलालनं शेजारच्या भांडेवाल्याचा एक गंज, मोठं पातेलं, वाजवला. तोही मेला होता. त्यानं बोल्ट खिशात ठेवला आणि म्हणाला, "बंद्या, साऱ्याच लोखंडाचं काहीतरी झालं." हे तो खेदानं म्हणाला, म्हणून लोकांना जास्त खरं वाटलं.

आठ दिवसांत गावात वाजवून पाहण्याची साथ आली. ज्याच्या हाती जे असेल ते तो वाजवून पाही आणि खिन्न होई. एकानं चार महिन्यांपूर्वीची कुऱ्हाड दुकानात परत नेऊन टाकली. मारुतीच्या देवळातली घंटा बसली, असं दोघांनी सांगितलं. तिसऱ्यानं जाऊन खात्री करून घेतली. कामठ्याहून कोणाचा तरी फोन आला की आमच्याकडंबी तसंच हाय. दुधरामकडे गेल्या बाजारापासून एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं.

दुलारीला हे सगळं नंदाबाईकडून कळलं. इंदरलालचं चुकू शकतं, हा विचार त्या घरात कधी आलेलाच नव्हता.

तो विचार आला मंगळवारी सकाळी. दुलारी मागे सांदवाडीत म्हशीला चारा टाकत होती. जाताना सांगून गेली होती, "कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या का गॅस बंद करा." इंदरलाल गॅसच्या शेजारी पाटावर बसून विळ्याची मूठ तासत होता.

पहिली शिट्टी झाली. दुसरी, तिसरी. दुलारीनं हाताची पेंढी टाकली. चौथी झाली. पाचवी झाली तेव्हा म्हशीनंही मान वळवून घराकडे पाहिलं. सातव्या शिट्टीला दुलारी आत आली. कुकर फणफणत होता. इंदरलाल त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून मूठ तासत होता.

तिनं गॅस बंद केला.

"काऊन वो? एकबी शिट्टी नाई झाली अजून," तो म्हणाला.

तिनं झाकणातून निघणाऱ्या वाफेकडे बोट केलं.

त्यानं झाकणाकडे पाहिलं, वाफ पाहिली. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर समजल्यासारखं आलं. "कुकरबी गेला," तो म्हणाला. "शिट्टी मेली याची. शुक्रवारी गोंदियाले जाऊ. तुले पाहिजे ना तो स्टीलचा, तो घेऊ."

हे वाक्य ऐकायला दुलारी सव्वीस वर्षं थांबली होती. तिला वाटलं होतं, ते ऐकू येईल तेव्हा आपल्याला आनंद होईल. तिला सगळं एकदम कळलं. लोखंड, घंटा, गंज, चौदा विळे. आणि तिनं तोंड उघडलं, आणि म्हणाली, "बाहेरून झाकण लावाचा घेऊ."

"काय?"

"बाहेरून झाकण लावाचा!"

"हाव, तोच."

मंगळवार गेला, बुधवार गेला. ती गप्प राहिली. कुकर रोज शिट्ट्या मारत होता आणि ती मोजत होती. तिनं स्वतःला समजावलं की शुक्रवारी कुकर आणू आणि शनिवारी सांगू. दोन दिवसांनी लोखंडाचं असं काय बिघडणार आहे.

गुरुवारी दुपारी दुधराम घरी आला. अंगणात उकिडवा बसला. पन्नाशीचा माणूस, हातांवर भाजल्याचे डाग. सोबत एकच विळा आणला होता, कागदात गुंडाळून.

"भाऊ," तो म्हणाला, "हा नव्यानं बनवला. रात्रीचं पाणी ठेवलं होतं, त्या थंड पाण्यात पाजला. माझ्या बापानं शिकवला तसा. एक डाव वाजवून पाहा. काय कमी हाय ते सांगा, मी तसा करतो."

इंदरलालनं सुतळी लावली. टोला दिला.

दुलारी चहा घेऊन दारात आली होती. विळा वाजला. आवाज अंगण ओलांडून आत गेला, देवाजवळच्या तांब्याला लागला आणि तांब्याही बारीक वाजला. दुलारी न ठरवता मोजू लागली. सात. आठ. नऊ. दहाला इंदरलालनं डोळे उघडले. विळा अजून वाजत होता.

"मेलं हाय, दुधराम. तूच ऐक."

दुधरामनं मान वाकडी करून ऐकलं. आयुष्यभर तो लोखंड ऐकत आला होता. विळा त्याच्या कानापासून दोन हातांवर गात होता. त्यानं हळूच मान हलवली.

"हाव भाऊ," तो म्हणाला. "मेलं हाय."

मग म्हणाला, "छत्तीसगडात माझ्या साल्याचं गेट-ग्रिलचं काम हाय. तो बोलावूनच राहिला. तिथं वेल्डिंग करायची, वाजवायचं काही काम नाई. सोमवारी जातो म्हणतो. भट्टी राहू देतो तशीच." त्यानं विळा पुन्हा कागदात गुंडाळला. नीट, चारी कोपरे दुमडून.

दुलारीनं त्याला चहा दिला. तो पिऊन गेला.

ती अंगणात उभी राहिली. इंदरलाल सुतळीचा गुंडाळा करत होता. त्याला वाईट वाटत होतं, हे त्याच्या सुतळी गुंडाळण्यावरून कळत होतं.

"अजी," ती म्हणाली. "कुकर चांगला हाय."

"काय?"

"कुकर चांगला हाय! सात शिट्ट्या झाल्या होत्या! तुमाले ऐकू नाई आल्या!"

इंदरलालनं तिच्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "तुले भास झाला असन."

दुलारी कोठीत गेली आणि सव्वीस वर्षांचा फावडा घेऊन आली. दांडा काढायला तिला दगड मारावा लागला. तिनं पातं त्याच्या हातात दिलं. हा फावडा बारापर्यंत वाजतो हे त्याला त्याच्या नावासारखं ठाऊक होतं. गावातल्या प्रत्येक फावड्याला तो याच्याशी तोलत आला होता.

त्यानं सुतळी ओवली. टोला दिला. डोळे मिटले.

बराच वेळ गेला. फावडा वाजून थांबला.

"हाबी गेला," इंदरलाल म्हणाला.

दुलारी पायरीवर बसली. आता आणखी काय करायचं हे तिला माहीत नव्हतं. पण इंदरलाल जागचा हलला नाही. त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला, कडेनं, भोकाभोवती, जिथे भेग पडते तिथे. भेग नव्हती. मग तो उठला आणि हातपंपाचा दांडा वाजवला. मग बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव. मग देवाजवळचा तांब्या. प्रत्येक वेळी थांबून ऐकलं. शेवटी त्यानं स्वतःच्या कानावर बोल्टनं हळूच टकटक केलं, जशी दुसऱ्याच्या दारावर करतात.

"बंदंच कसं काय जाईन?" तो म्हणाला.

"नाई गेलं," दुलारी म्हणाली.

या वेळी त्यानं 'काय' विचारलं नाही. तिच्या ओठांकडे बघून त्याला समजलं.

शुक्रवारी ते गोंदियाला गेले, पण कानाच्या डॉक्टरकडे. रिंकीनं नंबर लावून ठेवला होता. इंदरलालला एका छोट्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. दहा मिनिटांनी तो बाहेर आला आणि म्हणाला, "तुमची मशीन बंद हाय."

मशीन चालू होती. डॉक्टरांनी समजावलं. उंच, बारीक आवाज गेले आहेत. माणसं बोलतात ते थोडं थोडं ऐकू येईल, शिट्टी, घंटा, धातूचा नाद, ते नाही. मग विचारलं, कामाच्या ठिकाणी कानाजवळ मोठा आवाज असतो का?

"नाई," इंदरलाल म्हणाला. "शेती."

"तीस वर्षं झाली, कानाशी लोखंड धरून वाजवून राहिले," दुलारी म्हणाली.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. मग तेही लिहिलं.

कानात घालायचं यंत्र त्यांनी दाखवलं. इंदरलालनं ते तळहातावर घेतलं. चिंचोक्याएवढं होतं.

"किती वर्षं टिकन?"

"नीट वापरलं तर पाच-सहा."

"पाण्यात पडलं तर?"

"पडू द्यायचं नाही."

"मी धानात काम करतो," इंदरलाल म्हणाला. मग त्यानं खिशात हात घातला. बोल्ट पाहून डॉक्टरांनी यंत्र उचललं आणि परत खणात ठेवलं.

यंत्र घेतलं नाही. पाच वर्षं टिकणारी वस्तू तो घेत नाही. रिंकी चिडली. दुलारी चिडली नाही, कारण त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. परतीच्या बसमध्ये तो एकदाच बोलला. "दुधराम सोमवारी जाणार म्हणे ना?"

शनिवारी सकाळी तो दुलारीला घेऊन गावात निघाला. घरोघरी. प्रत्येक दारात उभा राहून त्यानं एकच सांगितलं. "लोखंड चांगलं हाय. माझा कान गेला."

सगळ्यांनी त्याला बसवलं. चहा दिला. आणि कोणीही विश्वास ठेवला नाही.

"भाऊ, तुम्ही मोठ्या मनाचे," पहिल्या घरात म्हणाले. "दुधरामच्या पोटासाठी बोलून राहिले."

"अजी, आम्ही स्वतः वाजवून पाहिलं ना," दुसऱ्या घरात म्हणाले. "आमचा कान तर नाई गेला?"

तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्यानं सांगितलं की त्याची कुदळ परवापासून वाजतच नाही, आणि पुरावा म्हणून वाजवून दाखवली. ती घणघणीत वाजली. दुलारीनं ऐकलं, म्हाताऱ्याच्या सुनेनं ऐकलं. म्हातारा म्हणाला, "पाहिलं?" सून म्हणाली, "हाव ना, एकदम बसला आवाज." इंदरलालनं दुलारीकडे वळून विचारलं, "वाजली का?" ती म्हणाली, "वाजली." म्हाताऱ्यानं तिच्याकडे दयेनं पाहिलं.

एकवीस घरं झाली. इंदरलालच्या पोटात एकवीस चहा होते. तीस वर्षांत त्याला पहिल्यांदा कळलं की आपला शब्द किती पक्का आहे. तो परत घेता येत नव्हता.

नंदाबाईच्या दारात तो शेवटी गेला. ती भाकर थापत होती.

"लोखंड चांगलं हाय. माझा कान गेला."

नंदाबाईनं भाकर तव्यावर टाकली. "मंग हे बाजारात सांगता येत नव्हतं? आठ दिवस जुने इळे घासून घासून माह्या पोरींच्या हाताले फोडं आले."

"तेव्हा मले माहीत नव्हतं."

"कोणाले माहीत होतं?"

दुलारी म्हणाली, "मले. मंगळवारपासून."

"अन् काऊन नाई बोलली, बाई?"

दुलारीनं खरं ते सांगितलं. "कुकरपायी."

नंदाबाईनं तिच्याकडे पाहिलं. घरात नवी वस्तू यावी म्हणून बाईनं काय केलं असतं, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं भाकर उलटली.

"तुम्ही सांगून कोणी ऐकणार नाई, भाऊ," ती म्हणाली. "अन् धान काही आवाजानं कापल्या जात नाई. दुधरामचे चौदा इळे घ्या. उद्या तुमच्या बांध्या कापतो. पहिले तुमचा धान. खराब निघाले तर तुमचं नुकसान, माह्या पोरींचं बोट कापलं तर तुमच्या बायकोचं."

"हाव," दुलारी म्हणाली. इंदरलालला शेवटचं ऐकू आलं नव्हतं.

रविवारी सकाळी चौदा बाया बांधीत उतरल्या. दुधराम धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कानस आणि पाण्याचा डबा घेऊन बसला होता. धार गेली की बाईनं विळा वर करायचा, त्यानं लावून द्यायची, असं ठरलं होतं. त्याची पिशवी घरी भरून ठेवलेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. शेजारच्या शिवारात इतर लोक जुन्या विळ्यांनी कापत होते. ते दर थोड्या वेळानं उभे राहून इकडे बघत होते.

पहिली बांधी झाली. कापलेल्या धानाच्या कडपा मागे ओळीनं पडत गेल्या. कोणी विळा वर केला नाही. दुसरी झाली. दुधराम कानस एका हातातून दुसऱ्या हातात घेत होता. इंदरलाल त्याच्या शेजारी उभा होता. पाहायला होतं ते समोर होतं, आणि ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं. विळा धान कापतो तेव्हा फार बारीक आवाज येतो. तो इंदरलालला आता कधी येणार नव्हता.

जेवणाच्या वेळी तिसरी बांधी संपली. नंदाबाई कंबर सरळ करून उभी राहिली. तिनं विळ्याच्या धारेवर अंगठा आडवा फिरवला, मग डोळ्यांसमोर धरून पाहिली. धुऱ्याजवळ आली.

"चांगला हाय," ती म्हणाली.

"काय म्हणते?" इंदरलाल म्हणाला.

"चांगला हाय म्हटलं."

"काय?"

नंदाबाईनं हात झटकला आणि पाणी प्यायला गेली. इंदरलालनं दुलारीकडे पाहिलं. दुलारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, छाती भरून श्वास घेतला आणि गावात आजवर जशी कधी बोलली नव्हती तशी ओरडली, "चांगला हाय म्हणते!"

शेजारच्या बांधीतले लोक उभे राहिले. त्यांच्या पलीकडचेही.

"काय चांगला हाय?" तिकडून कोणीतरी हाक दिली.

"इळा!"

"कोणाचा?"

"दुधरामचा!"

तिकडे थोडी बोलाचाली झाली. मग तोच आवाज आला. "वाजवला का?"

दुधराम उठून उभा राहिला. इंदरलाल एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं, पाणी मागत असतील. दुलारी त्याच्या आणि शिवाराच्या मधे आली.

"कापून पाहिला!" ती ओरडली. "तीन बांध्या!"

पलीकडचे विळे थांबले. मग एक बाई आपला विळा धुऱ्यावर टाकून, साडी वर खोचून, चिखल तुडवत इकडे येऊ लागली. तिच्या मागून दुसरी निघाली.